चढावरची मतं

घरात एखादा नाजूक विषय काढायचा असला, म्हणजे सोफा बदलणं, मेव्हण्याकडच्या लग्नातला आहेर किंवा मुलीला हवी असलेली गाडी, तर बायको आधी एकच चौकशी करते, "आज सायकल घेऊन कुठं गेला होतास रे?" मी सपाट रस्त्यावरचं "खडकवासला" म्हणालो की विषय लगेच निघतो. "सिंहगड" म्हणालो तर "वर दही खाल्लंस का?" असा उपप्रश्न येतो आणि उत्तर 'हो' असेल तरच गाडी पुढं सरकते. "बोपदेव घाट, आणि वारा समोरून होता" असं काही कानावर पडलं तर सोफ्याला आणखी एक आठवडा मुदतवाढ. शाळा सुटल्यापासून तिनं सायकलला हात लावलेला नाही, पण माझी मतं कुठल्या रस्त्यावर कशी होतात हे तिला माझ्या आधी कळलं.

पन्नाशी ओलांडलेल्या पुणेकराला मतं असणं यात नवल काही नाही. नसती तर घरच्यांनी डॉक्टरला दाखवलं असतं. माझी पंचाईत एवढीच की माझी मतं सायकलवर होतात आणि रस्त्याच्या चढउताराबरोबर बदलतात. सपाटीवर मी समजूतदार असतो. चढावर मला कुणाचंच काही पटत नाही. उतारावर मत असं नसतंच. तिथं खड्डा, वाळू आणि कुत्रं सोडून चौथ्या कशाचा विचार करणारा माणूस फार दिवस सायकल चालवत नाही.

सिंहगडाचा घाट घ्या. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आणि गडमाथा १,३०० मीटरच्या वर. त्यातला बहुतेक चढ गोळेवाडीच्या नाक्यापासून वरच्या गाडीतळापर्यंतच्या नऊएक किलोमीटरमध्ये कोंबलेला आहे. माझ्या सायकलचा सगळ्यात हलका गिअर म्हणजे पुढं ३४ दाते आणि मागं ३२. पॅडलचा एक पूर्ण फेरा मारला की सायकल जेमतेम सव्वादोन मीटर पुढं जाते. मिनिटाला साठ फेरे धरले तर वेग पडतो ताशी आठ किलोमीटर. या वेगात माणूस विचार करण्यावाचून दुसरं काय करणार? धाप लागलेली असल्यामुळे बोलता येत नाही, आणि शेजारचाही धापत असल्यामुळे आपल्या मताला कुणी आडवं येत नाही. पहिल्या दोन-तीन वळणांत देशाचं राजकारण निकालात निघतं. मग मागून मोठ्या गाड्या घुरघुरत येऊ लागतात. एखाद्या गाडीच्या खिडकीतून पोरगं अर्धं अंग बाहेर काढून ओरडतं, "कम ऑन अंकल!" तिथून पुढचा किलोमीटरभर आजकालचे आईबाप या विषयावर मी फार कडक असतो. शेवटच्या तिखट टप्प्यात मी नातेवाइकांवर येतो. सोफ्याचा निकाल तिथं लागला तर तो सोफ्याच्या विरुद्धच लागणार.

वर पोचलं की मांड्या आपल्याआपण थरथरत असतात. दह्याची बोळकी मांडून एक मावशी बसलेली असते. "दादा, साखर का मीठ?" मी साखर म्हणतो, कारण चढावर जाळलेल्या कॅलऱ्यांचा हिशेब वर लगेच चुकता करायचा असतो. दही बोळक्याच्या कडेला घट्ट धरलेलं, वर सायीचा पिवळसर थर, आणि त्यात चमचा हात न लावता उभा राहतो. साखर विरघळायच्या आत खाल्ली तर दाताखाली कचकचते, तसंच खावं. पहिल्या बोळक्याला मी देशाला माफ करतो, दुसऱ्याला नातेवाइकांना. खिडकीतलं ते पोरगंही तिथंच कुठंतरी कणीस खात हिंडत असतं आणि बघायला गेलं तर गोड असतं.

खडकवासल्याच्या रस्त्यावर होणारी मतं वेगळ्या जातीची. ताशी पंधरा-सोळा हा वाचायचा वेग आहे. सिंहगड रोडवरचे वाढदिवसाचे फ्लेक्स मी अथपासून इतिपर्यंत वाचतो. मधोमध मोबाइल कानाला लावलेले दादा किंवा भाऊ, वरच्या कोपऱ्यांत नेते आणि खाली शुभेच्छुकांचे पंचवीस-तीस चेहरे, टोपणनावांसकट. मोटारीतून जाणाऱ्याला फक्त दादा दिसतात. सायकलवाल्याला शेवटच्या रांगेतल्या, फ्रेममध्ये अर्धाच कान मावलेल्या कार्यकर्त्यापर्यंत पोचता येतं. गेल्या वर्षी खालच्या रांगेत असलेला मुलगा यंदा वरच्या रांगेत गेला का, त्याच्या नावापुढं 'भावी' लागलं का, याची मला खरोखर उत्सुकता असते. हे सगळे फ्लेक्स बेकायदा आहेत, एका रात्रीत उतरवले पाहिजेत, हे माझं चढावरचं मत. सपाटीवर मी त्यांचा नियमित वाचक आहे.

बाकीचे छंदही सायकलला लटकूनच आले. सकाळच्या पेपरातलं शब्दकोडं घरी अडलं की ते डोक्यात घेऊन निघायचं. धरणाची भिंत दिसेपर्यंत एखादा हट्टी उभा शब्द सुटतो. झाडांचं वेडही असंच लागलं. जानेवारी-फेब्रुवारीत काटेसावर फुलते, तिच्या आगेमागे पांगारा, मग पळस, आणि एप्रिल-मेमध्ये बहावा. कुठल्या वळणावर कोण उभं आहे हे मला पाठ आहे. रस्ता रुंद करताना त्यातलं एखादं झाड गेलं की घरात त्या दिवशी कुठलाच विषय निघत नाही, सायकल कुठंही गेलेली असली तरी.

मागच्या थंडीत सिंहगड रोडवर नांदेड फाट्याच्या पुढं एक वॉचमन रात्रपाळी संपवून घरी निघाला होता. काळी दांडीची सायकल, हँडलला डब्याची पिशवी, कानाला मफलर. एका लांबट चढावर त्यानं मला गाठलं, थोडा वेळ बरोबरीनं चालला आणि माझ्या मागच्या चाकाकडं बघत म्हणाला, "काका, चेन कोरडी पडलीय. लांबनंच आवाज येतोय." मी त्याच्या सायकलकडं बघितलं. गिअर एकच, तोही असा की एका फेऱ्याला माझ्या दुपटीहून जास्त अंतर कापणारा, म्हणजे चढावर तेवढाच जास्त जोर काढणारा. मडगार्ड गंजून कडेला खाल्लेलं. चेन मात्र काळीभोर, चकचकीत. कुठलं तेल घालता म्हणून विचारलं तर म्हणाला, "शिलाई मशीनचं. लेकीची मशीन हाय." माझ्या कपाटात उन्हाळ्याची एक आणि पावसाळ्याची एक अशा दोन परदेशी बाटल्या आहेत, त्यांची किंमत त्याला सांगावी असं काही मला वाटलं नाही. "येतो काका" म्हणून तो डावीकडं वळला, सीटवरून न उठता.

आमच्या ग्रुपमध्ये हा किस्सा मी सांगितला तर चर्चा तेलावरच झाली. ग्रुपमधली मंडळी भली आहेत, पण प्रत्येकाचा काही ना काही धर्म आहे. एकाचा स्ट्राव्हा, म्हणजे राइड मोजणारं मोबाइलवरचं ॲप. त्यावर नोंद झाली नाही ती राइड त्याच्या लेखी झालीच नाही. घरासमोर आल्यावर ९९.६ किलोमीटर दिसले तर हा गृहस्थ सोसायटीभोवती प्रदक्षिणा घालून शंभर पूर्ण करतो. दुसरा बँकेतून निवृत्त झालेला, त्याला बीआरएमचा, म्हणजे ठरल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या राइडचा नाद. बीआरएममध्ये २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस तासांत आणि ६०० चाळीस तासांत पूर्ण करायचे असतात. चारही एकाच हंगामात झाले की माणूस 'सुपर रँदोनर'. हा तो झाला आहे. रात्री दोन वाजता हायवेवरच्या धाब्याबाहेर हेल्मेटसकट बाकावर झोपलेले त्याचे फोटो आहेत आणि त्यात त्याच्या चेहऱ्यावर बँकेत कधी न दिसलेलं समाधान आहे. माझं मत विचाराल तर सायकलवरून सकाळी निघालेल्या माणसानं दुपारच्या जेवणाला घरी असावं. हे मत मात्र चढ, उतार, सपाटी, कुठंही बदललेलं नाही.

हेल्मेटचं प्रकरण खास आपल्या गावाचं. स्कूटरवर हेल्मेटची सक्ती म्हटली की पुणेकर रस्त्यावर उतरतो. केस गळतात, मान दुखते, ऐकू येत नाही, इथपासून घटनेपर्यंत युक्तिवाद होतात. तोच पुणेकर रविवारी सकाळी ताशी पंधरानं जाताना कुणीही न सांगता हेल्मेट घालतो, हनुवटीखालचा पट्टा दोनदा तपासतो आणि मग गुडलक कॅफेत बन-मस्का खायला जातो. मी दोन्हीकडं हेल्मेट घालणारा आहे, त्यामुळे दोन्ही बाजूंच्या शिव्या खातो. लायक्राच्या कपड्यांबद्दल मी जास्त बोलणार नाही. आतल्या गादीची गरज साठ किलोमीटरनंतर कुणालाही पटते. पोटाचं काय दिसतं याची काळजी बघणाऱ्यानं करावी.

सायकल ट्रॅकबद्दल मात्र बोललं पाहिजे. आमच्या भागातला ट्रॅक छान रंगवलेला आहे. सुरुवातीला सायकलचं चित्र आहे, त्यावर वडापावची गाडी उभी असते. पुढं दुचाक्या लागतात, मग विजेची एक डीपी, मग एक जुनं कडुलिंबाचं झाड. झाड ट्रॅकच्या आधीपासून तिथं आहे, त्यामुळे त्याचं काही म्हणणं नाही. त्यानंतर ट्रॅक एक फूट उंचीवरून एकदम संपतो. मी तो वडापाव खातो आणि रस्त्यावरून सायकल चालवतो. वडापाव चांगला असतो.

आणि हे त्या शहरात, ज्याला एकेकाळी सायकलींचं शहर म्हणत. माझे वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. संध्याकाळचा भोंगा झाला की फाटकातून सायकलींचा लोंढा बाहेर पडायचा आणि रस्ता ओलांडू बघणाऱ्यानं तो संपेपर्यंत मुकाट्यानं उभं राहायचं, असं ते सांगतात. तेव्हा सायकलला बिल्ला काढावा लागे. रात्री दिवा नसला किंवा डबलसीट सापडलं तर पोलीस चाकातली हवा सोडून देत, आणि मग पंप शोधत हिंडायचं. आम्ही पोरं तासावर सायकल भाड्यानं आणायचो. तास संपत आला की दुकानदाराच्या भिंतीवरचं घड्याळ आमच्यापेक्षा जोरात पळायचं. बोरघाटातली मुंबई-पुणे सायकल शर्यत वडिलांनी घाटात उभं राहून बघितलेली. शर्यत कोण जिंकलं यापेक्षा 'घाटाचा राजा' कोण झाला याचं त्यांना अप्रूप.

हे सगळं बुडवलं तेही आपल्याच लोकांनी. पुण्याच्या फिरोदियांची लूना आणि आकुर्डीच्या बजाजची चेतक, दोन्ही १९७२ सालच्या. चेतक श्रीमंतांची, नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायची. लूना आमच्यासारख्यांची. वडिलांनी लूना घेतली आणि त्यांची काळी सायकल जिन्याखाली गेली. लूनाला पॅडल होतं. पेट्रोल संपलं की मारायचं, चढाला इंजिन दमलं की मारायचं. कर्वेनगरात विक्रम पेंडसे यांचं जुन्या सायकलींचं संग्रहालय आहे, तिथं मी वडिलांना घेऊन गेलो. दुसऱ्या महायुद्धात छत्रीधारी सैनिकांसाठी केलेली घडीची बीएसए सायकल सगळे बघत होते. वडील एका जुन्या दिव्यापाशी थांबले, म्हणाले, "हा असता तर माझी हवा कशाला सोडली असती?"

सध्या माझ्यापुढं ई-सायकलचा प्रश्न आहे. गुडघा हल्ली चढाला कुरकुरतो आणि ग्रुपमधल्या एकानं गुपचूप ई-सायकल घेतलीय. तो बोपदेवच्या घाटात आमच्या शेजारून गाणं गुणगुणत जातो. त्याला घाम येत नाही हे मला फार खटकतं. सोसायटीजवळच्या दुकानदारानं मलाही एक चालवून बघायला दिली. पॅडल मारलं की मोटर मागून हात लावते, थांबलं की ती थांबते. फसवणूक म्हणावी तर पाय हलतायत, प्रामाणिक म्हणावं तर घाट चढून कानिफनाथाच्या फाट्यापर्यंत एकही नातेवाईक आठवला नाही. किंमत ऐकून बायको म्हणाली, "घे की, आणि त्यातच सोफ्याचंही बघू." मुलगी म्हणाली, "बाबा, तुझी गाडी आली की माझीही." वडील पेपर वाचत होते. चष्म्यावरून बघत त्यांनी विचारलं, "पॅडल आहे?"

"आहे."

"मोटरही आहे?"

"आहे."

"मग लूनाच की. आपण विकली तेव्हा दीड हजार आले होते." आणि ते परत पेपरात गेले.

यावर मत द्यायला मी रविवारपर्यंतची मुदत मागून घेतलीय. खडकवासल्याला जावं की बोपदेवला, हे शनिवारी रात्री ठरवीन.