एका काडीच्या रेंजमध्ये वेबसाइट

आज तारकर्लीला मावशीच्या खानावळीची मी बनवलेली वेबसाइट तिच्याच पडवीत बसून उघडली. रेंज एक काडी. पेलाभर सोलकढी संपली तरी पान अर्धंच. आठ फोटो, मोबाइलमधून जसेच्या तसे चढवलेले, एकेक ५-६ एमबीचा. रुंदी १२०० पिक्सेलवर आणून वेबपी या कमी जागा घेणाऱ्या फोटो-प्रकारात साठवले. सुरमईच्या ताटाचा फोटो १५० केबीच्या आत बसला आणि डोळ्यांना फरकही जाणवला नाही. इथल्या माणसाला पान इथल्या रेंजवर उघडायला हवं, ही तपासणी मी रत्नागिरीत वायफायवर बसून कधी केलीच नव्हती.

दुसरी चूक जास्त लागली. दरपत्रक मी चित्र म्हणून टाकलं होतं. फोनवर वाचायला बोटांनी ताणावं लागतं, दृष्टिहीन माणसाचा स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) बहुतेक वेळा त्यावर गप्प राहतो, आणि एक दर बदलायचा तरी मावशीला मला फोन करावा लागतो. आता ते साध्या युनिकोड मराठीत, म्हणजे टाइप केलेल्या मजकुरात आहे. नंबर दाबला की थेट फोन लागतो.

मावशी म्हणाली, "पावसात बोटी बंद असतत, ता पण लिही मरे. माणसा येतत नि हिरमुसतत." ते सगळ्यात वर लिहिलं.

निघताना डोमेनच्या, म्हणजे वेबसाइटच्या नावाच्या, नूतनीकरणाची तारीख तिच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून आलो.