‘वार्को आत्तीवो’ म्हणजे आत जाऊ नका: इटलीत भाड्याची गाडी चालवताना

इटलीत भारतीय पर्यटकाला जे दंड बसतात, त्यातले बहुतेक बेदरकार चालवल्याचे नसतात. गाडी शिस्तीत चाललेली असते, पट्टा लावलेला असतो, हॉर्नला हातही लागलेला नसतो. पाटीवरचा मजकूर उलटा समजलेला असतो, एवढंच. पोलीस कुठेच दिसत नाही, कोणी अडवत नाही आणि घरी परतून कित्येक महिने उलटल्यावर पोस्टानं जाड पाकीट येतं.

सगळ्यात जास्त पाकिटं ‘झेड-टी-एल’ची. पूर्ण नाव ‘झोना आ त्राफिको लिमितातो’, म्हणजे मर्यादित वाहतुकीचा भाग. फ्लॉरेन्स, रोम, पिसा, सिएना, बोलोन्या, वेरोना, लुक्का अशा जवळपास प्रत्येक जुन्या शहराचा गाभा या हद्दीत येतो. तिथे रहिवासी आणि परवानाधारक सोडून कोणाची गाडी चालत नाही. हद्दीवर फाटक नसतं, साखळी नसते. असते ती लाल कडेची पांढरी गोल पाटी, खाली वेळा लिहिलेल्या आणि वर नंबरप्लेट टिपणारा कॅमेरा. समोरची स्थानिक गाडी आरामात आत जाते म्हणून आपणही मागोमाग जातो. तिच्याकडे परवाना असतो.

पाटीखालच्या दिव्यांच्या फलकावर ‘वार्को आत्तीवो’ अशी अक्षरं झळकतात. ‘वार्को’ म्हणजे प्रवेशद्वार आणि ‘आत्तीवो’ म्हणजे चालू. आपण समजतो, दार चालू आहे, म्हणजे उघडं आहे. चालू असतो तो कॅमेरा. ‘वार्को आत्तीवो’ असेल तर आत जायचं नाही. ‘वार्को नॉन आत्तीवो’ असेल तर जाता येतं. हा गोंधळ इटालियन लोकांचाही होतो, म्हणून नव्या फलकांवर आता ‘झेड-टी-एल आत्तीवा’ असं लिहू लागले आहेत. परक्या माणसाला त्यानं फारसा फरक पडत नाही, पण हे चार शब्द घरून पाठ करून निघालात तर निम्मं काम झालं.

दुसरी मेख वेळांच्या पाटीवर आहे. वेळेशेजारी एकमेकांवर आडवे ठेवलेले दोन हातोडे दिसले तर ती वेळ कामाच्या दिवसांची. तिथे कामाचा दिवस म्हणजे सोमवार ते शनिवार. आपण ‘वीकडे’ म्हणून शनिवार सोडून देतो आणि नेमके शनिवारी सकाळी आत शिरतो. क्रॉसचं चिन्ह रविवार-सुट्टीचं. ‘०–२४’ म्हणजे अहोरात्र. ‘एच्चेत्तो आउतोरिझ्झाती’ म्हणजे परवानाधारक वगळून, आणि आपण परवानाधारक नाही.

हॉटेल हद्दीच्या आत असेल तर बुकिंग करतानाच त्यांना विचारा. बऱ्याच शहरांत हॉटेलवाले पाहुण्यांच्या गाडीचा नंबर पालिकेकडे नोंदवू शकतात, म्हणजे सामान उतरवायला किंवा गॅरेजमध्ये जायला तेवढी वाट मोकळी होते. नंबर तोंडी सांगू नका, ईमेल किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर नंबरप्लेटचा फोटो पाठवा आणि ‘नोंद झाली’ हे त्यांचं उत्तर जपून ठेवा. ओ आणि शून्य यांच्या घोळात नोंद चुकली तर कॅमेऱ्याच्या लेखी तुम्ही विनापरवाना आत शिरलेलेच असता. मॅपवर तर मुळीच विसंबू नका. तो हॉटेलच्या दारापर्यंतचा जवळचा रस्ता दाखवतो. त्या रस्त्यावर जायची परवानगी तुम्हाला आहे की नाही, हे तो दर वेळी सांगेलच असं नाही.

त्याहून सोपा मार्ग म्हणजे गाडी गावाबाहेर ठेवणं. फ्लॉरेन्ससाठी ‘व्हिल्ला कोस्तान्झा’ हा वाहनतळ त्यासाठीच आहे. ए-१ महामार्गावरून थेट त्यात शिरता येतं, गाडी लावायची आणि तिथूनच टी-१ ट्राम पकडून गावात जायचं. शहरातल्या एकाही चौकाशी गाठ पडत नाही. जुन्या गावातल्या त्या गल्ल्या पाहिल्या की तशीही तिथे गाडी घालायची हौस राहत नाही.

मिलानचा प्रकार जरा वेगळा. तिथल्या मध्यभागाला ‘एरिया सी’ म्हणतात. सोमवार ते शुक्रवार सकाळी ७:३० ते संध्याकाळी ७:३० पर्यंत आत जायला मनाई नाही, पण पैसे भरावे लागतात. ऑक्टोबर २०२३ अखेरीपासून हा दर ७.५० युरो झाला. प्रवेशाशी टोलनाका नाही, आपण होऊन भरायचे. भरले नाहीत तर पुन्हा पाकीट.

आता त्या पाकिटाबद्दल. गाडी भाड्याची, त्यामुळे पालिका आधी भाडे कंपनीला विचारते की अमुक दिवशी गाडी कोणाकडे होती. कंपनी तुमचं नाव-पत्ता कळवते आणि या कारकुनीचे चाळीस-पन्नास युरो तुमच्या कार्डावरून कापते. पुष्कळ जण समजतात की दंड भरला गेला. तो दंड नव्हेच, कंपनीचं शुल्क आहे. कार्डावर अशी रक्कम पडली म्हणजे दंडाचं पत्र मागून येतंय, एवढाच त्याचा अर्थ. परदेशी पत्त्यावर पत्र पाठवायला इटालियन कायद्यानं ३६० दिवसांची मुदत दिली आहे, म्हणून वर्षभर निश्चिंत होऊ नका. कार्डाची जुनी स्टेटमेंटं, हॉटेलचं ते ‘नोंद झाली’ आणि गाडीचा करार फेकू नका.

आपल्याकडे ई-चलान आलं की ते तसंच पडू द्यायचं, पुढेमागे लोक अदालतीत तडजोड होईल, अशी बऱ्याच जणांची रीत आहे. इटलीत गणित बरोबर उलटं चालतं. २०२४ च्या दरांनुसार झेड-टी-एलचा दंड ८३ ते ३३२ युरो. पत्र हाती पडल्यापासून पाच दिवसांत भरला तर ८३ वर तीस टक्के सूट, म्हणजे ५८.१० युरो. साठ दिवसांत भरला तर पूर्ण ८३. त्यानंतर कमाल रकमेच्या निम्मे, म्हणजे १६६. टपालखर्च प्रत्येक वेळी वेगळा. बँकेतून पैसे पाठवताना ‘व्हेर्बाले’चा क्रमांक, म्हणजे त्या चलानाचा क्रमांक, संदर्भात टाकायला विसरू नका. नाहीतर पैसे पोचतात, पण खटला तसाच उघडा राहतो.

वेगमर्यादा: महामार्गावर १३०, पाऊस असेल तर ११०. मधे दुभाजक असलेल्या मोठ्या रस्त्यांवर ११०, इतर बाहेरच्या रस्त्यांवर ९०, गावात ५०. पावसातली ११० ची मर्यादा दर वेळी पाटीवर लिहिलेली नसते, पाऊस पडू लागला की ती आपोआप लागू होते. गावातल्या ५० चंही तसंच. गावाच्या नावाची पांढरी पाटी ओलांडली की ५० सुरू, वेगळा आकडा लावतीलच असं नाही, आणि त्याच नावावर तिरकी लाल रेघ दिसली की गाव संपलं. डोंगराकडेला दोन-चार घरांची वाडी असली तरी पाटी लागली म्हणजे ते गावच.

कॅमेऱ्याचा हिशेब समजून घेण्यासारखा आहे. मोजलेल्या वेगातून पाच टक्के, पण किमान ५ किमी, वजा करतात. ५० च्या हद्दीत कॅमेऱ्यानं ६५ मोजला तर ६० धरतात, म्हणजे १० जास्त, आणि दंड ४२ युरो. ६६ मोजला तर ६१ धरतात, ११ जास्त, आणि दंड एकदम १७३. ताशी एका किलोमीटरची किंमत १३१ युरो! रात्री १० ते सकाळी ७ या वेळात त्यावर आणखी एक तृतीयांश. महामार्गावर ‘ट्यूटर’ नावाची यंत्रणा दोन कमानींमधला सरासरी वेग काढते. त्यामुळे कॅमेरा दिसला की ब्रेक आणि मागे पडला की अ‍ॅक्सिलरेटर, ही एक्सप्रेसवेवर शिकलेली युक्ती तिथे कामाची नाही. क्रूझ कंट्रोल १२५ वर लावा आणि उजव्या लेनमध्ये राहा. डावी लेन ओव्हरटेकपुरतीच. तिथे रेंगाळलात तर मागची गाडी दिवे मारत बंपरला टेकेल.

टोलनाक्यावर पिवळ्या ‘टेलेपास’ लेनमध्ये जाऊ नका, ती तिथल्या फास्टॅगवाल्यांची. निळी लेन कार्डाची, हात आणि नाण्यांचं चित्र असलेली पांढरी लेन रोखीची. आत शिरताना यंत्रातून मिळणारं तिकीट हरवू नका. ते नसेल तर सर्वांत लांबच्या नाक्यापासूनचे पैसे लागतात. चुकून पिवळ्या लेनमध्ये गेलात तर गाडी मागे घेण्याच्या भानगडीत पडू नका, तो फार मोठा गुन्हा आहे. मदतीचं बटण दाबा. दांडा उघडतो, न भरलेल्या टोलची पावती निघते आणि ती पंधरा दिवसांत ऑनलाइन भरता येते. मिलानच्या उत्तरेला ए-३६ ‘पेदेमोंताना’ महामार्गावर तर नाकाच नाही. कॅमेरा नंबर टिपतो आणि पैसे पंधरा दिवसांत आपणच शोधून भरायचे. मालपेन्सा विमानतळावरून कोमो सरोवराकडे जाताना मॅप बऱ्याचदा याच रस्त्यानं नेतो.

पार्किंगच्या रेघांचे रंग: निळ्या म्हणजे पैसे, पिवळ्या म्हणजे राखीव, पांढऱ्या बहुधा फुकट. ‘दिस्को ओरारिओ’ लिहिलं असेल तर काचेखाली पुठ्ठ्याची घड्याळ-चकती ठेवून पोचल्याची वेळ दाखवायची. ही चकती बहुतेक गाड्यांत असते, डॅशबोर्डाचा कप्पा एकदा चाळून पाहा.

मिलानहून लुगानो किंवा वेरोनाहून इन्सब्रुक असा बेत असेल तर सीमेवर नियम बदलतात. चियास्सो या सीमेवरच्या गावी स्वित्झर्लंडच्या महामार्गावर चाक लागलं की विन्येत, म्हणजे महामार्ग वापरण्याचा पास, लागतं. किंमत ४० फ्रँक, नसेल तर २०० फ्रँक दंड आणि वर विन्येतचे पैसे. १ ऑगस्ट २०२३ पासून ते ऑनलाइनही मिळतं, पण नंबरप्लेटशी जोडलेलं असतं. भाड्याच्या गाडीचा नंबर ताब्यात घेईपर्यंत कळत नाही, म्हणून घरून काढून ठेवता येत नाही; वाहनतळातून बाहेर पडण्याआधी फोनवर काढा. स्विस वेगमर्यादा महामार्गावर १२०, गावाबाहेर ८०, गावात ५०. गावात तांत्रिक वजावटीनंतर ५ किमी जास्त भरले तरी ४० फ्रँक, ६ ते १० ला १२०, ११ ते १५ ला २५०, आणि त्यापुढे प्रकरण साध्या पावतीवर मिटत नाही. कॅमेऱ्याची पूर्वसूचना देणारी अ‍ॅप वापरायला स्वित्झर्लंडमध्ये बंदी आहे, सीमेवर पोचण्याआधी बंद करा. घाटात निळ्या पाटीवर पिवळं पोस्टाचं शिंग दिसलं तर त्या रस्त्यावर पिवळ्या पोस्टबसचा मान पहिला. तिचा चालक हातानं ‘मागे घ्या’ म्हणाला की घ्यायची.

ऑस्ट्रियातही विन्येत लागतं, पण ब्रेनर खिंडीतून इन्सब्रुककडे उतरणाऱ्या ए-१३ चा टोल वेगळा. इन्सब्रुकला ए-१२ ला लागलात की मग विन्येत हवंच. ऑस्ट्रिया आणि जर्मनीत महामार्गावर गाड्या तुंबल्या तर रुग्णवाहिकेचा आवाज येण्याची वाट पाहायची नाही. गती मंदावली की लगेच सर्वांत डाव्या लेनमधल्यांनी डावीकडे सरकायचं, उरलेल्या सगळ्यांनी उजवीकडे, मधे वाट ठेवायची. जर्मनीत ती न ठेवल्याचा दंड २०० युरो.

गाडी हाकण्याच्या सवयींबद्दल थोडंसं. उजव्या बाजूनं चालवताना चालकाचा डावा खांदा नेहमी रस्त्याच्या मधल्या रेघेकडे असला पाहिजे. हे भान सुटतं ते गर्दीत नाही, रिकाम्या रस्त्यावर पेट्रोल भरून बाहेर पडताना. मारुती किंवा ह्युंदाई चालवणारे पहिला दिवसभर इंडिकेटरऐवजी वायपर लावतात, कारण तिथे इंडिकेटरचा दांडा डावीकडे असतो. आपल्या ‘फ्री लेफ्ट’च्या चालीवर लाल सिग्नलला उजवीकडे वळू नका. पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्या, मग त्याची गल्ली कितीही बारकी असो. मात्र गोल चौकात आधीपासून फिरणाऱ्याचा, म्हणजे डावीकडून येणाऱ्याचा हक्क.

मूल मांडीवर घेऊन बसणं चालत नाही. इटलीत दीड मीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला सीट किंवा बूस्टर लागतोच, बुकिंगमध्येच मागा. गावाबाहेर दिवसाही लो-बीम दिवे चालू ठेवा. परावर्तक जाकीट डिकीत सामानाखाली न ठेवता दाराच्या कप्प्यात ठेवा, कारण रात्री रस्त्यात गाडी बंद पडली तर ते घालूनच खाली उतरायचं असतं. १५ नोव्हेंबर ते १५ एप्रिल या काळात डोंगराळ रस्त्यांवर पाटी असेल तिथे हिवाळी टायर किंवा साखळ्या हव्यात.

आंतरराष्ट्रीय परवाना निघण्याआधी आरटीओतून काढावा लागतो. सारथी पोर्टलवर अर्ज ४-ए, शुल्क १,००० रुपये. लायसन्स, पासपोर्ट आणि व्हिसाच्या प्रती जोडायच्या. तो एक वर्ष चालतो, पण मूळ लायसन्ससोबतच. नुसतं पुस्तक दाखवून भागत नाही. स्मार्ट कार्ड घरच्या कपाटात राहिलं तर भाडे कंपनीच्या काउंटरवरच गाडी नाकारली जाते, आणि आगाऊ भरलेले पैसे परत मिळतीलच असं नाही.