सही

काल रात्री धाकटीने विचारलं, मग तू काय बोललीस शाळेच्या समितीच्या मीटिंगमध्ये? मी म्हटलं, बोललो की सगळे. हे 'सगळे' तोंडात कुठून आलं कोण जाणे. मी एक अक्षर बोलले नव्हते. चहा प्यायले, सही केली, आले.

मुलींच्या बाथरूमच्या नळाला पाणी नाही म्हणून ती दिवसभर पाणीच पीत नाही, बाटली भरलेली तशीच परत येते आणि मी वर तिलाच ओरडते. हा एकच मुद्दा घेऊन गेले होते. हेडबाईंनी अनुदानाचा खर्च वाचला, कोणाला काही? म्हणून मान वर केली, कोणीतरी नाही नाही म्हटलं आणि प्रोसिडिंगची वही माझ्यापुढे. त्यात आधीच लिहिलेलं, 'सविस्तर चर्चा होऊन सर्वानुमते मंजूर'. खाली माझी सही, तीही पूर्ण नावाची.

ऑफिसात मी कोणाचं ऐकून घेत नाही, आणि इथे जीभ टाळ्याला चिकटली. बाई वाईट नाहीयेत हो. पण पोरगी त्यांच्या हाताखाली आहे ना, उद्या तिलाच काही बोलल्या तर. ह्यांना सांगितलं तर म्हणे तुला कोणी सांगितलेलं समितीत जायला. जाऊ दे ते.

झोप येईना तर मोबाईलवर शिक्षण हक्क कायदा वाचत बसले, २००९ चा, कलम २१. (निवडून आल्यावर वाचतेय, वा!) शाळा व्यवस्थापन समितीत किमान ७५ टक्के पालक हवेत, निम्म्या बायका हव्यात. अनुदान कुठे जातं ते बघायचं आम्ही, शाळेचा विकास आराखडा करायचा आम्ही. म्हणजे ज्या खोलीत मी दबून बसले होते तिथे बहुमत आमचंच, आणि त्या निम्म्या बायकांच्या आकड्यात मी तेवढी बरोब्बर बसते. मग गप्प का सगळे?

मला वाटतं दोष त्या बाकांचा आहे. तिसरीच्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसलं की चाळिशीतल्या बाईलाही बोलायच्या आधी हात वर करावासा वाटतो. आणि मी तर शाळेत असतानाही कधी हात वर केला नाही.

आज तिची बाटली निम्मीच भरली. तिने बघितलं, काही बोलली नाही.

नळाचा अर्ज लिहायला कागद घेतलाय. खाली सही करून टाकली, तेवढं जमतं मला. वरचा मजकूर राहिलाय.