क्रियापदांची वही

२७ फेब्रुवारी, रात्री उशिरा

आज मराठी भाषा गौरव दिन. त्यामुळे सकाळपासून फोनवर फॉरवर्डांचा रतीब. ‘हे शब्द तुम्हाला आठवतात का?’ म्हणून नेहमीचीच यादी फिरतेय: अडकित्ता, फडताळ, घंगाळ, बंब, कंदील. खाली रडक्या चेहऱ्यांची रांग. मला काही रडू येत नाही. पानं खाणारे कमी झाले, अडकित्ता गेला. घरोघरी गीझर आले, बंब गेला. वस्तूच नाही तर नावाला कुठवर धरून ठेवणार?

शब्दांचा नाद मला कळायला लागल्यापासूनचा. शाळेत असताना जडजंबाल शब्दांचं वेड होतं. किंकर्तव्यमूढ, अहमहमिका, गतानुगतिक असले शब्द वहीच्या मागच्या पानांवर उतरवून ठेवायचे आणि निबंधात फट दिसली की घुसडायचे. बाईंना ते आवडायचं, त्यामुळे मी आणखीच सोकावले.

ती वही पुढे बदलली. आता तिच्यात नामं जवळजवळ नसतातच. असतात ती क्रियापदं.

याचं मूळ आजोळच्या पडवीत आहे. सुट्टीत आजी माझ्या हातात सूप द्यायची आणि हुकूम सोडायची, “आधी पाखड, मग घोळ. उगं आसडू नको.” माझ्या लेखी तिन्हींचा अर्थ एकच, सूप हलवणे. आजीच्या लेखी ती तीन वेगळी कामं. पाखडताना धान्य वर उडवून झेलायचं, म्हणजे फोलपटं पुढे उडून जातात. घोळताना सूप आडवं धरून गोल गोल फिरवायचं, म्हणजे खडे एकीकडे गोळा होतात. आसडताना बारीक हिसके द्यायचे. मनगट कसं फिरतं, यावरून क्रियापद ठरायचं. तांदळाचंही तसंच. भात कांडला की तूस निघतं. मग तांदूळ सडायचे, म्हणजे वरचा कोंडा जातो. कुजण्याच्या ‘सडणे’शी याचा काही संबंध नाही. परवा ऑरगॅनिक दुकानात ‘हातसडीचा तांदूळ’ असं छापलेलं पाकीट दिसलं. किंमत बघून डोळे पांढरे झाले, तरी घेतलं. काउंटरवरच्या मुलाला विचारलं, “हातसडी म्हणजे काय रे?” तो म्हणाला, “ब्रँड असेल, मॅडम.”

असं काही कानावर पडलं की रात्री कोश उघडायचा, हा शिरस्ता. दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे सात खंड १९३२ ते १९३८ या काळात निघाले. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश त्याच्याही शंभर वर्षं आधीचा, १८३१चा. वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ची. शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर हे दोन्ही कोश फुकट बघता येतात, त्यामुळे अंथरुणात पडल्या पडल्या फोनवर काम भागतं. भागतं कसलं, एका शब्दासाठी शिरायचं आणि शेजारपाजारच्या शब्दांत तास घालवायचा. घरच्यांना वाटतं मी रील बघतेय.

मध्यंतरी आईला नखुरडं झालं होतं. तिला घेऊन दवाखान्यात गेले. डॉक्टर तरुण, बोलायला गोड. त्यांनी विचारलं, “आजी, एक ते दहामध्ये किती दुखतंय?” आई त्यांच्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, “दुखत नाही हो. काल ठणकत होतं, आज ठसठसतंय.” डॉक्टरांनी आकड्याचा नाद सोडला, बोट हातात घेतलं आणि म्हणाले, “म्हणजे पू धरलाय.” घरी आल्यावर मी वहीत पान आखलं. खरचटलेलं चुरचुरतं, भाजलेलं भगभगतं, नवी कातडी हुळहुळते, काटा सलतो, चिंच खाऊन दात आंबतात, पाठीत उसण भरते, दाढेतून सणक जाते. एक ते दहात हे कुठं बसवायचं?

म्हणून माझी काळजी घंगाळाची नाही. नामं बाहेरून आली तर येऊ देत. बटाटा, पगार, चावी ही पोर्तुगीजांकडून आली. दुकान, जमीन, हवा फारसीतून. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून फारसी संज्ञांना संस्कृत प्रतिशब्द काढायला लावले, तरी दुकान आपलं दुकानच राहिलं, आणि मराठीचं त्यात काही बिघडलं नाही. उलट त्या काळच्या माणसांना भीडच नव्हती. बदल आला, त्यांनी ‘बदलणे’ केलं. खर्चाचं ‘खर्चणे’, फर्मानाजोगं ‘फर्मावणे’. पाहुण्याला आल्या आल्या धोतर नेसवून पंक्तीला बसवला!

आता आपण काय करतो? शेपटाला ‘करणे’ जोडतो आणि मोकळे होतो. यूट्यूबवर पाककृती बघितल्या की अंगावर काटा येतो. “कांदा कट करून घेतलाय, आता मसाले ॲड करून छान मिक्स करून घ्यायचं.” कटला माझा तेवढा राग नाही, ॲडचा आहे. कारण आपल्याकडे भाजीत मीठ घालतात, फोडणीत मोहरी टाकतात, भाजीवर डाळीचं पीठ पेरतात, पोह्यांवर लिंबू पिळतात आणि कोथिंबीर भुरभुरतात, घावनाला कडेनं तेल सोडतात, दुधाला विरजण लावतात. नवशिक्या मुलीला ‘पीठ पेर’ म्हटलं की थोडं थोडं, सगळीकडे, हे वेगळं सांगावं लागत नाही. ‘बेसन ॲड कर’ म्हटलं की ती वाटी उपडी करते आणि भाजीत गुठळ्या होतात. ही तक्रार मी कुठे केली की लोक मला शुद्धीवाली समजतात. असो. बाई कुकर, मिक्सर, ओव्हन खुशाल म्हणू दे, फक्त पीठ पेरू दे.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी बीडकडच्या. आज जाताना सांगून गेल्या, “ताई, मेथी निसून ठिवली, फ्रीजात हाय.” मी मेथी निवडते, त्या निसतात. फ्रीज आमचा दोघींचा एकच.

जेवताना लेकीजवळ हे सगळं पुराण लावलं. ती ऐकत होती, निदान मान तरी हलवत होती. मग म्हणाली, “आई, आम्ही पण करतो की क्रियापदं. तुला काही अडलं तर मी काय म्हणते? गुगलून बघ.” खरंच की. इंटरनेटवर मराठी लिहिणारी मंडळी कधीपासून टंकतात, फोटो डकवतात, आणि हिचं हे गुगलणं तर रोज माझ्या कानावर पडतं. मी विचारलं, “मग स्क्रोलचं काय करायचं?” ‘स्क्रोलणे’ तिलाही रुचेना, जीभ अडखळते म्हणाली. ‘सरकवणे’ मी सुचवलं, तर त्यात बोट येतं पण वेळ वाया जाणं येत नाही, असा तिचा आक्षेप. आक्षेप बरोबर आहे. भांडी आवरेपर्यंत वाद चालला, निकाल लागला नाही.

‘गुगलणे’ मात्र वहीत चढवलं. ग मध्ये, ‘गुंगणे’च्या खालीच जागा होती. सकर्मक.