खोडदची खरखर

चाकणच्या ट्रॅफिकवर लिहिणार नाही. दीड तास गेला, विषय संपला. त्या दीड तासात नवऱ्याने एफएमचं बटण पिळून माझं डोकं उठवलं. एक स्टेशन धड लागेल तर शपथ, नुसती खरखर.

२८ फेब्रुवारी, विज्ञान दिन, म्हणजे नारायणगावजवळच्या खोडदला, तिथल्या रेडिओ दुर्बिणीपाशी, जत्राच. शाळांच्या गाड्या, धूळ, ऊन. आत शिरताना मोबाईल बंद करायला लावले आणि मी धुसफुसले. ४५ मीटर रुंद तबकडीसमोर एक फोटो नाही? तबकडी कसली, आरपार आकाश दिसणारी तारांची जाळी! ही दुर्बीण उभारणारे शास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांची ही युक्ती: वजन कमी, वारा अडत नाही, खर्च आटोक्यात. अशा ३० तबकड्या, २५ किलोमीटरच्या टापूत, शेतांच्या अधेमधे.

"फोनने एवढं काय बिघडतं?" मी तिथल्या एका संशोधक मुलीला जरा फणकाऱ्यानेच विचारलं.

"काकू, येताना एफएम लावला होता?" (काकू. असो.)

मग तिने सांगितलं ते असं. हायड्रोजनच्या अणूतून २१ सेंटिमीटर लांबीची रेडिओलहर निघते. विश्व जन्मलं त्या महास्फोटानंतर तीसेक कोटी वर्षांनी, पहिल्या दीर्घिका (ताऱ्यांचे अफाट समूह) जमत होत्या तेव्हा निघालेली लहर विश्वासोबत ताणत ताणत आज ३ मीटरची झाली आहे. म्हणजे नेमकी एफएमच्या पट्ट्यात! त्या दीर्घिकांच्या प्रकाशाने भोवतालच्या हायड्रोजनचे अणू फुटले आणि वायूत पोकळ्या पडत गेल्या. अनारशाला जाळी पडते तशा, हे माझं. दीर्घिका दिसली नाही तरी जाळीवरून तिचा माग काढायचा. खोडदच्या दुर्बिणीने १५० मेगाहर्ट्झच्या आसपास, म्हणजे दोनेक मीटरपर्यंतच ताणलेल्या लहरींत, जरा अलीकडच्या काळातली जाळी शोधून पाहिली आहे. सापडली नाही, हायड्रोजनचा तो संदेश फार तर किती जोरदार असेल, एवढी वरची मर्यादा मिळाली. कारण आपल्याच आकाशगंगेचा रेडिओ गोंगाट त्याच्या हजारो पट मोठा. वर आपले फोन.

इतकी वर्षं खपून 'याहून जास्त नाही' एवढंच उत्तर, आणि ती ते हसत सांगत होती. मी असते तर नोकरी सोडली असती.

नारायणगावात मासवडी खाल्ली. झणझणीत, पाणी दोनदा मागवलं.

परतताना पुन्हा खरखर. "राहू दे," मी म्हटलं, "त्यात पहिल्या दीर्घिका आहेत."

"हजारात एक भागसुद्धा नाही म्हणाली ना ती?" म्हणत नवऱ्याने बटण पिळलं. सोन्याच्या दुकानाची जाहिरात लागली.