औट विसा सत्तर

आमच्या आजोबांना औटकी पाठ होती. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. आम्ही नातवंडं हसायचो. साडेतीननं गुणायची वेळ कुणावर येते?

फेरो बेटांवर येते, हे मला फार उशिरा कळलं. फेरोई भाषेत सत्तरला 'हॉल्वफ्येर्स' म्हणतात. शब्द फोडला तर निघतं 'चौथा अर्धा', म्हणजे तीन पुरे आणि चौथा निम्मा. तितक्या विसा म्हणजे सत्तर. तसंच पन्नास म्हणजे अडीच विसा आणि नव्वद म्हणजे साडेचार विसा. ही तऱ्हा डॅनिशमधून तिथं गेली. पण आपलं औट कुठून आलं? संस्कृत 'अर्धचतुर्थ' झिजून, आणि 'अर्धतृतीय' झिजून अडीच. म्हणजे आजोबांचाच हिशेब, फक्त उत्तर अटलांटिकात. हसणं माझ्याच अंगाशी आलं.

फ्रान्सच्या पश्चिम टोकाची ब्रेटन भाषाही विसांवर चालते. साठ म्हणजे तीन विसा, नव्वद म्हणजे दहा नि चार विसा. मधेच पन्नास मात्र 'अर्धं शंभर'. आणि अठरा? 'त्रिवेख', सरळ तीन सक्‌! सतरा आणि एकोणीस दहाच्या हिशेबानं शिस्तीत उभे आणि मधला अठराच वाकडा. आपल्या एकोणीस-एकोणतीसची सवय असलेल्यानं फार बोलू नये म्हणा. फेरो बेटंही मोजून अठरा आहेत, पण तो योगायोग.

मला खरी भुरळ पडली ती फेरोई सर्वनामाची. 'आम्ही'साठी तिथं 'वीट' म्हणतात, 'तुम्ही'साठी 'टीट'. (आपल्याकडे एक येतो, दुसरी लावतात.) फेरोई जिच्यातून निघाली त्या जुन्या नॉर्स भाषेत वीट हे द्विवचन होतं, संस्कृतातल्या 'आवाम्'सारखं, फक्त दोघांपुरतं. अनेकांसाठी वेगळा शब्द होता, तो मागे पडला आणि दोघांच्या शब्दात अख्खा गाव शिरला. आता नवरा-बायकोला 'आम्ही दोघंच' म्हणायचं तर 'वीट ट्वेय' असं वर दोन जोडावं लागतं. हे 'ट्वेय' चक्क नपुंसकलिंगी. एक पुरुष, एक बाई, म्हणून ना हे ना ते. ऐकून हसू येईल, पण आपणही 'ती दोघं आली' असंच म्हणतो की.