देवबागचा की आचऱ्याचा

मालवण तालुक्यातल्या आमच्या शाळेचं बास्केटबॉलचं मैदान सिमेंटचं आहे. पावसाळ्यात त्यावर शेवाळ धरतं, म्हणून जून ते सप्टेंबर रोज आधी खराटा आणि ब्लिचिंग पावडर, मग चेंडू. गेल्या वर्षी जूनमधल्या अशाच एका सकाळी गावच्या मुंबईतल्या मंडळाचा फोन आला. चाकरमान्यांनी वर्गणी काढली होती. दिवाळीच्या सुट्टीत पुण्याला होणाऱ्या शिबिरासाठी आमच्या एका मुलाचा सगळा खर्च ते करणार होते. फक्त एकाचा. नाव मी कळवायचं होतं.

दोन उंच मुलं होती. मैदानावर त्यांना सगळे गावाच्या नावानेच हाक मारतात, मीही तेच करतो. देवबागचा साडेसोळा वर्षांचा, 193 सेंटिमीटर. आचऱ्याचा पंधराचा, 185. मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, "यात विचार कसला करायचा सर? सतनाम सिंग 7 फूट 2 इंच होता, म्हणून 2015 साली अमेरिकेतल्या एनबीए लीगमध्ये डॅलसने त्याला घेतलं ना?" आठ सेंटिमीटर म्हणजे थोडाथोडका फरक नव्हे, हे मलाही मान्य होतं. पण उत्तर द्यायला मी सप्टेंबरअखेरपर्यंत मुदत मागून घेतली.

सुरुवात मोजण्यापासून केली. साहित्याच्या खोलीच्या चौकटीवर खडूने खुणा, आणि मोजायचं सकाळीच, कारण दिवसभर उभं राहून संध्याकाळपर्यंत माणूस सेंटिमीटरभर खचतो. उंची झाल्यावर दोघांना भिंतीला चिकटून हात वर करायला लावलं. देवबागच्याची बोटं 246 वर टेकली, आचऱ्याच्याची 245 वर. मी पट्टी पुन्हा लावून पाहिली. आकडे तेच. रिंग जमिनीपासून 3.05 मीटरवर असते आणि तिच्यापर्यंत पोचतो तो हात. देवबागच्याची मान लांब, खांदे उतरते. आचऱ्याच्याचे खांदे रुंद आणि हात गुडघ्यापर्यंत आलेले. जे आठ सेंटिमीटर सगळ्यांना दिसत होते त्यातला एकच रिंगखाली उपयोगाचा होता.

मग वाढीचा हिशोब. आईवडिलांच्या उंचीची सरासरी काढून मुलग्यासाठी त्यात साडेसहा सेंटिमीटर मिळवायचे, हे सोपं सूत्र मला माहीत होतं. आचऱ्याच्याचे वडील 182, आई 170. उत्तर आलं 182.5. पोरगा तर आधीच 185 होता! या सूत्राचा अंदाज आठ-साडेआठ सेंटिमीटर इकडेतिकडे होऊ शकतो. त्यामुळे मी ते बाजूला ठेवलं आणि चौकटीवरच्या खुणांवर विश्वास ठेवला. देवबागच्याला तेराव्या वर्षीच मिसरूड फुटली होती, आणि मागच्या आठ महिन्यांत तो अर्धा सेंटिमीटर वाढला होता. आचऱ्याच्याचा आवाज नुकता कुठे फुटत होता. जून ते ऑगस्ट एवढ्यातच त्याची खूण बोटभर वर सरकली.

खरं शिकायला मिळालं ते सामन्यांत. देवबागचा सातवीपासून संघातला सगळ्यांत उंच. त्याला जो तो एकच सांगत आला: रिंगखाली उभा राहा, हात वर कर. यात मीही होतो, आणि ही चूक मी माझ्याकडे घेतो. तालुका आणि जिल्हा पातळीवर समोरची मुलं त्याच्या खांद्याला लागायची, चेंडू आपोआप त्याच्या हातात पडायचा. कोल्हापूर विभागाच्या सामन्यात पहिल्यांदा त्याच्या अंगाला अंग लावून उभा राहणारा, त्याच्याच उंचीचा मुलगा भेटला. तिसऱ्या क्वार्टरपर्यंत देवबागच्याचे चार फाऊल झाले. पाचव्याला बाहेर जावं लागतं, म्हणून मी त्याला बसवलं. बाकावर तो टॉवेलात तोंड घालून बसला. त्याला जागा अडवता येत नव्हती, कारण ती अडवायची वेळ त्याच्यावर कधी आलीच नव्हती.

त्याच्या जागी आचऱ्याचा गेला. हा मुळात कबड्डीचा, उजव्या कोपऱ्यात खेळणारा. गुडघ्यात वाकून, बूड खाली ठेवून, चढाई करणाऱ्याच्या कंबरेवर नजर लावून सरकायचं, हे त्याच्या पायांत लहानपणापासून मुरलेलं. चेंडू रिंगवर आपटला की इतरांची मान वर जाते. हा आधी मागे वळून आपल्या वाट्याच्या प्रतिस्पर्ध्याला पाठीवर घ्यायचा, मगच वर बघायचा. बॉक्स आऊट म्हणतात ते हेच, आणि मी ते त्याला शिकवलेलं नव्हतं. लागोसमध्ये फुटबॉलचा गोलरक्षक आणि हँडबॉल खेळणारा हकीम ओलाजुवॉन उशिरा बास्केटबॉलकडे वळला आणि 1984 साली एनबीएच्या नव्या खेळाडूंच्या निवडीत ह्यूस्टनने त्याला सर्वांत पहिला निवडला. त्याच्या पदन्यासाचं मूळ त्या जुन्या खेळांत सांगतात. मी अनेकदा वाचलेली ही गोष्ट त्या दिवशी मला डोळ्यांसमोर दिसली.

फ्री थ्रोची वहीही तेच सांगत होती. रोज पन्नास. देवबागचा विशी-बाविशीत अडकायचा, आचऱ्याचा तिशीच्या खाली क्वचित यायचा. फ्री थ्रोला कोणी अडवत नाही, त्यामुळे हाताचा मऊपणा तिथे लपत नाही. माझ्या मनात नाव ठरलं.

आणि सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आचऱ्याचा सरावानंतर पायरीवर बसून राहिला. "सर, गुडघो दुखता." वाटीच्या खाली, नडगीच्या टोकाला टेंगूळ आलेलं. कुडाळच्या डॉक्टरांनी पाहून सांगितलं, ऑसगुड-श्लॅटर. भराभर वाढणाऱ्या, उड्या मारणाऱ्या मुलांना होतं; मांडीच्या स्नायूंचा ताण नडगीच्या कोवळ्या वाढत्या भागावर येतो. वाढ थांबली की बहुधा आपोआप जातं, तोवर उड्या कमी. शिबिरात दिवसाला दोन सत्रं होती, दोन्हींत उड्या.

ती रात्र मी नीट झोपलो नाही. 2007 साली त्याच निवडीत पोर्टलंडने ग्रेग ओडेनला पहिला निवडला आणि पुढे महान ठरलेला केव्हिन ड्युरंट दुसरा गेला. ओडेनचा पहिला अख्खा हंगाम गुडघ्याच्या शस्त्रक्रियेत गेला. त्याचा आजार वेगळा होता, हे मला ठाऊक आहे. तरी मोठ्या हाडांच्या पोराचा गुडघा म्हटलं की मला तोच आठवतो. सकाळी मी वहीत दोन ओळी लिहिल्या. पुढे जास्त जाईल कोण? आचऱ्याचा. दिवाळीत हे शिबिर कोणाच्या कामाचं? देवबागच्याच्या. त्याची हाडं भरली होती, आणि रोज आपल्या उंचीच्या मुलांशी धक्के खाणं मी त्याला इथे देऊच शकत नव्हतो. तीन महिने मी पहिला प्रश्न सोडवत बसलो होतो. मंडळाने विचारला होता दुसरा.

आचऱ्याच्याचे वडील ऐकून म्हणाले, "तुमी सांगशात तां खरा. पण तेका तुमीच सांगा." मी सांगितलं. तो बराच वेळ चेंडूची शिवण नखाने खरवडत राहिला. मग म्हणाला, "मगे मी दिवाळीत काय करू?"

मी त्याला खुर्ची दिली. रिंगपासून दीड मीटरवर खुर्ची, त्यावर बसून डाव्या हाताने हुक, म्हणजे डोक्यावरून कमानीत टाकायचा एकहाती चेंडू, रोज शंभर. गुडघ्याला काही लागत नाही, काम सगळं मनगटाचं. फराळ आटोपून तो रोज सकाळी आठला हजर असायचा. चौथ्या दिवसापासून मी चेंडू परत देण्यापलीकडे काहीच करत नव्हतो.

देवबागचा पुण्याहून परतला तो एक दात हलता आणि ड्रॉप स्टेप, म्हणजे पाठीवरच्या माणसाला मागे पाऊल टाकून वळसा घालणं, शिकून. पहिल्याच सरावात त्याने आचऱ्याच्याला पाठीवर घेतलं आणि म्हणाला, "ढकल माका. जोरात ढकल." डिसेंबरच्या पहिल्या तारखेला चौकटीवर खुणा केल्या. देवबागच्याची जुन्या खुणेवरच बसली. आचऱ्याच्याची 188 वर गेली. गुडघा अजून थोडा दुखतो, म्हणून खुर्ची मैदानावरच आहे.